खुबा बदलायच्या सहा आठवडे आधी: रक्ताची बाटली लागू नये म्हणून काय काय करायचं

रात्रीचे साडेदहा. रक्तपेढीच्या काउंटरवर एक माणूस, एका हातात आइसबॉक्स, दुसऱ्या हातात रक्ताच्या मागणीची चिठ्ठी, चोपड्याकडून मोटारसायकलवर आलेला, घामाघूम. आईचं हिपचं ऑपरेशन सकाळी आठला. दोन बाटल्या पाहिजेत, ग्रुप ओ निगेटिव्ह. चिठ्ठीवर एचबी, म्हणजे हिमोग्लोबिन, ९.१. मी म्हटलं भाऊ जरा फाइल दाखवा, आत सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट होता आणि त्यावरची तारीख २२ दिवसांपूर्वीची. म्हणजे २२ दिवस सगळ्यांना माहिती होतं की बाईच्या अंगात रक्त कमी आहे, आणि त्या २२ दिवसांत कोणी एक लोहाची गोळीसुद्धा लिहून दिलेली नव्हती. लिहिलं काय होतं, तर "२ पीसीव्ही तयार ठेवणे", म्हणजे तांबड्या पेशींच्या दोन बाटल्या.

जळगावात रक्तपेढीच्या काउंटरवर बसून १९ वर्षं झाली मला. डॉक्टर नाही, टेक्निशियन आहे, ते आधीच सांगून ठेवतो, औषध चालू-बंद करायचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण इथे बसून एक गोष्ट इतक्यांदा बघितली की आता लिहूनच टाकतो. ठरवून केलेल्या हिपच्या ऑपरेशनमध्ये रक्त लागणार की नाही हे बऱ्याचदा थिएटरमध्ये ठरत नाही, ते महिना-दीड महिना आधी ठरलेलं असतं, त्या सीबीसीच्या कागदावर.

आधी हिशोब समजून घ्या, मग पुढचं सगळं सोपं जातं

माणसाच्या अंगात किती रक्त असतं? मोठ्या पुरुषात किलोमागे साधारण ७० मिली, बाईत ६५. आता आपल्याकडची साठीतली बाई, वजन ४८ किलो. ४८ गुणिले ६५, म्हणजे ३ लिटर आणि थोडं वर. बस, एवढंच. हिप बदलताना एकूण रक्त जातं ते लिटरच्या आसपास जाऊ शकतं, आणि त्यातलं सगळं काही सक्शनच्या बाटलीत दिसत नाही, बरंचसं मांडीच्या मांसात आतल्या आत मुरतं, दोन-तीन दिवस मुरत राहतं. म्हणून तर ऑपरेशनच्या दिवशी एचबी बरं असतं आणि तिसऱ्या दिवशी उतरलेलं दिसतं, आणि नातेवाईक म्हणतात की डॉक्टरांनी काहीतरी लपवलं. लपवलं नसतं हो, ते असंच उतरतं.

८० किलोच्या पैलवानाचं लिटरभर गेलं आणि ४८ किलोच्या मावशीचं लिटरभर गेलं यात फरक आहे, तिचं तिसरा हिस्सा गेलं. ढोबळ मानाने धरा की एचबी अडीच-तीनने उतरतं. १३.५ ने आत गेला तर बाहेर साडेदहा, कोणी बाटलीचं नावही काढणार नाही. ९.१ ने आत गेली तर बाहेर सहा-साडेसहा, मग रात्री साडेदहाला मोटारसायकल काढावीच लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पुरुषाचं १३ आणि बाईचं १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया, पण मोठ्या ऑपरेशनच्या आधी बाईचंही १३ असावं असं बरेच तज्ज्ञ धरतात, कारण तेच, तिच्याकडे आधीच रक्त कमी आणि जाणार तेवढंच.

आणि आपल्या राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना ॲनिमिया आहे, पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. त्याच बायका पुढे साठीला पोचतात. तेव्हा "मला काही त्रास नाही, मी तर रोज शेतात जाते" यावर जाऊ नका. हळूहळू उतरलेल्या एचबीची अंगाला सवय होते.

बाटली लागली तर लागली, एवढं काय?

हा प्रश्न रोज येतो. रक्त जीव वाचवतं, मी त्याच्याविरुद्ध बोललो तर माझीच भाकरी बंद. पण दुसऱ्याचं रक्त म्हणजे एका अर्थी छोटं ट्रान्सप्लांटच. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग, मलेरिया, प्रत्येक बाटलीची तपासणी होते, तरी अगदी ताजा संसर्ग टेस्टमध्ये सापडायला काही दिवस जावे लागतात. ताप येतो, अंगावर पित्त उठतं, म्हाताऱ्या माणसाच्या हृदयाला जास्तीचं पाणी झेपत नाही आणि दम लागतो, अंगात दुसऱ्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्या तर पुढच्या वेळी मॅचिंग रक्त शोधता शोधता आमच्या नाकी नऊ येतात. आणि चुकीची बाटली चुकीच्या माणसाला लागणं ही माणसाच्या हातून होणारी चूक, क्वचित होते पण होते.

एक अजून, हे खास सांगायचंय. मुलगा छाती पुढे काढून म्हणतो "माझं रक्त घ्या, आईला माझंच चढवा, बाहेरचं नको." भावना समजते, पण सख्ख्या नात्यातलं रक्त रेडिएशन न देता तसंच चढवलं तर दात्याच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या अंगात टिकून राहून तिच्यावरच उलटू शकतात, फार क्वचित, पण उलटल्या तर माणूस सहसा वाचत नाही. म्हणून मुलाने रक्त द्यावं, जरूर द्यावं, ते दुसऱ्या कोणाला जाईल.

शिवाय आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मे मध्ये कॉलेजं बंद, लग्नसराई, ४४-४५ डिग्रीत शिबिराला कोण येणार. फ्रिजची खालची फळी रिकामी दिसायला लागली की आमच्याच पोटात गोळा येतो.

सहा आठवडे आधी: नुसतं एचबी करू नका

माझ्या मावशीचंच सांगतो. अमळनेर तालुका, वय ६१, वजन ४८. दोन वर्षं खुबा धरलेला, पाय ओढत चालायची, "मना पाय दुखस रे भाऊ" याशिवाय फोनवर दुसरं वाक्य नाही. सर्जनने सांगितलं बदलावं लागेल, आणि मावशीचा हट्ट की आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी उरका, लेकी माहेरी येतील तेव्हा मी पलंगावर नको. सीबीसी केली, एचबी ९.८. मी म्हटलं तारीख आखाजीनंतरची घ्या. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

ठरवून केलेल्या ऑपरेशनला हीच मोठी सवलत आहे, की ते पुढे ढकलता येतं. खुबा दोन वर्षं दुखतोय, अजून पाच आठवडे दुखेल. सर्जनला स्पष्ट विचारा, "एचबी वर आणून मग करू का?" चांगला सर्जन याला नाही म्हणत नाही.

एचबी कमी निघालं की पुढचा प्रश्न, का कमी? इथेच सगळे घाई करतात. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तांबड्या पेशीचा आकार. लहान असला तर लोह कमी असण्याची शंका, मोठा असला तर बी१२ किंवा फोलिक ॲसिड. त्याच्यापुढे या टेस्ट डॉक्टरांना विचारून करून घ्या: फेरिटिन, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती भरलंय ते), सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी), बी१२, क्रिएटिनिन (किडनीची). फेरिटिन म्हणजे लोहाची कोठी. ३० च्या खाली म्हणजे कोठी रिकामी. पण अंगात सूज असली, सीआरपी वाढलेला असला तर फेरिटिन फसवं वर दिसतं, मग १०० पर्यंत असलं तरी लोह कमी आहे असं धरतात, सोबत सॅच्युरेशन २० टक्क्यांच्या खाली आहे का ते बघतात. मावशीचं फेरिटिन आलं ११.

माळकरी घर, अंडंही चालत नाही, तिथे बी१२ कमी निघणं नवलाचं नाही, आणि तिथे नुसतं लोह देऊन एचबी हलत नाही. किडनी कमजोर असेल तर गोष्ट तिसरीच, ते किडनीवाल्या डॉक्टरांचं काम.

आणि काही जणांचा एमसीव्ही लहान पण लोह भरपूर, ते थॅलेसेमिया मायनर असू शकतं, म्हणजे आईबापाकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष. आपल्याकडे सिंधी कुटुंबांत हे जास्त सापडतं, पण कोणातही असू शकतं. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाऊ घालणारे लोक मी बघितलेत. काही उपयोग नाही, उलट लोह साठत जातं.

आता मावशीचं लोह गेलं कुठे? पाळी जाऊन दहा वर्षं झालेली, मग रक्त जातंय कुठून? दोन वर्षं रोज दोन दुखण्याच्या गोळ्या, कधी मेडिकलवरच्या, कधी गावातल्या एकाकडच्या पुड्या. त्या गोळ्या पोटाच्या अस्तराला खातात आणि थेंब थेंब रक्त शौचातून जातं, दिसत पण नाही. एंडोस्कोपी केली, अल्सर सापडला. या वयात लोह कमी निघालं तर पोटाची तपासणी टाळू नका, कधी कधी आत अल्सरपेक्षा वाईट काही बसलेलं असतं आणि ते हिपच्या निमित्ताने वेळेत सापडतं. पुड्यांबद्दल अजून एक, सांधेदुखीच्या असल्या काही पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळलेलं निघतं, आणि स्टिरॉइडने खुब्याचा गोळा सुकतो हे तर सर्जनच सांगतील. पण घेत असाल तर लपवू नका आणि स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना पुडी नेऊन दाखवा.

अनवाणी शेतात काम करणाऱ्यांच्या पोटात हुकवर्म असू शकतो, तोही रक्त पितो. जंताची गोळी स्वस्तातली आहे, विचारून घेऊन टाका.

लोह भरायचं कसं

जेवणाने एचबी वाढेल का, हा पहिला प्रश्न. वाढेल, पण तुमच्या तारखेपर्यंत नाही. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं असं काही नसतं. केळ्यात तर लोह नावालाच, आणि हे मी रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात बोलायचं म्हणजे मारच खायचा, पण खरंय ते. कळण्याची भाकरी, पोकळ्याची भाजी, मेथी, मटकी, अळिवाचे लाडू चांगलेच, खाणाऱ्याने कलेजी खावी, वर लिंबू पिळावं कारण आंबटाने लोह अंगी लागतं. प्रोटीन पण पाहिजे, जखम भरायला. पण ११ फेरिटिनची कोठी पाच आठवड्यांत भाकरीने भरत नाही.

गोळी. सहा-आठ आठवडे हातात असतील आणि पोट साथ देत असेल तर गोळी चालते. आशाताईंकडे, उपकेंद्रात जी लाल गोळी मिळते तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं. लोकांना वाटतं दिवसात तीन घेतल्या तर तिप्पट फायदा, तसं नाही. एक गोळी घेतली की लिव्हर हेपसिडिन नावाचा हार्मोन सोडतं आणि आतड्याचं दार दिवसभर बरंचसं मिटतं, म्हणून रोज एकच, किंवा एक दिवसाआड, असं आता बरेच डॉक्टर देतात आणि पोट पण कमी बिघडतं. रिकाम्या पोटी, लिंबूपाण्यासोबत.

आणि चहा! मावशीची बहीण तीन महिने गोळ्या घेत होती, एचबी जिथल्या तिथे. मी घरी गेलो तेव्हा बघितलं, सकाळी सातला स्टीलच्या कपात उकळलेला चहा, एका घोटासोबत लाल गोळी, दुसऱ्या घोटासोबत कॅल्शियमची गोळी, आणि त्याच्याआधी ॲसिडिटीची. तिन्ही मिळून लोहाची वाट लावतात. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, कॅल्शियम आडवं येतं, ॲसिड कमी झालं की लोह विरघळत नाही. चहा आणि गोळीत निदान एक-दीड तास अंतर ठेवा, कॅल्शियम रात्री घ्या. ॲसिडिटीची गोळी अल्सरसाठी चालू असेल तर ती बंद करायची नाही, त्यापेक्षा लोहाचं सलाइन घ्यायचं. शौचाला काळं होईल, घाबरू नका, ते लोहाचं काळं. डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल तर मात्र लगेच दाखवा.

सलाइनमधून लोह. वेळ कमी, गोळी सोसत नाही, अल्सर आहे, एचबी फारच कमी आहे, तर हे. फेरिक कार्बॉक्सीमाल्टोज एका वेळी जास्तीत जास्त १००० मिलिग्रॅमपर्यंत देतात, आयर्न सुक्रोज एका बैठकीत २०० च्या आसपास म्हणून चार-पाच फेऱ्या होतात पण स्वस्त पडतं. किती द्यायचं याचं एक जुनं सूत्र आहे: वजन गुणिले (पाहिजे ते एचबी वजा आत्ताचं एचबी) गुणिले २.४, अधिक कोठीसाठी ५००. मावशीचं १३ टार्गेट धरून, ४८ × ३.२ × २.४ म्हणजे ३६९, अधिक ५००, झालं साधारण ८७०. पुस्तकात टार्गेट १५ धरतात मग आकडा अकराशेवर जातो. वजन कमी म्हणून एकदम न देता ५०० चे दोन डोस दिले, आठवड्याच्या अंतराने. कोऱ्या चहाच्या रंगाचं असतं ते, मावशीने बाटली बघितली आणि म्हणाली, "चहा बंद कया नि आते नसमा देतस!" रिॲक्शन क्वचित येते म्हणून घरी किंवा कंपाउंडरकडून नाही, दवाखान्यातच, आणि नंतर अर्धा तास बसून राहायचं. पाच आठवड्यांनी एचबी १२.१. तेरा नाही झालं, पण ९.८ आणि १२.१ मध्ये दोन बाटल्यांचा फरक आहे, कारण एक बाटली ढोबळ मानाने एचबी १ ने वाढवते.

एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन पण असतं, तांबड्या पेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला चाबूक मारल्यासारखं काम करतं, पण गुठळी व्हायचा धोका वाढतो आणि कोठीत लोह नसेल तर चाबूक मारून काय उपयोग. ते तज्ज्ञ सांगतील तरच.

"माझंच रक्त काढून ठेवा ना"

वर्षातून चार-पाच जण हे विचारतात. आधी करायचे लोक, आता फारसं कोणी करत नाही. ३५० मिली काढलं की तुमचंच एचबी उतरलं, म्हणजे ऑपरेशनला तुम्ही मुद्दाम ॲनिमिया करून गेलात. बाटली टिकते ३५ दिवस, दुसरं द्रावण असेल तर ४२, आणि ऑपरेशन पुढे गेलं की ती फेकायची. त्यापेक्षा ते रक्त अंगातच राहू द्या.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या

इथे लांबण लावत नाही कारण यात चूक झाली तर जीवावर येते. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, एपिक्सॅबॅन, रिव्हारोक्सॅबॅन यातलं काहीही चालू असेल तर सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून सर्जन, भूलतज्ज्ञ आणि हार्टचे डॉक्टर तिघांना दाखवा. क्लोपिडोग्रेल आणि वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवतात, नवीन गोळ्या दोन-तीन दिवस आधी, पण स्टेंट टाकलेल्या माणसाचं ॲस्पिरिन बहुधा थांबवतच नाहीत. शेजाऱ्याचं थांबवलं म्हणून तुमचं थांबवू नका. दुखण्याच्या गोळ्या, लसणाच्या कॅप्सूल, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, हे पण सांगा, लोक याला औषध धरतच नाहीत.

ऑपरेशनच्या दिवशीचं, जे तुम्ही विचारू शकता

थिएटरमध्ये तुमचा हात चालत नाही पण आदल्या भेटीत प्रश्न विचारता येतात. मी नातेवाइकांना चार प्रश्न लिहून देतो, आणि त्यातला पहिलाच सगळ्यात महत्त्वाचा.

"ट्रानेक्सॅमिक ॲसिड देणार ना?" बायकांना हे औषध माहिती असतं, पाळीत फार जात असलं की जी गोळी देतात तीच. गुठळी बनली की शरीर तिला लगेच विरघळवायला लागतं, हे औषध ते विरघळणं थांबवतं, म्हणजे नवीन गुठळ्या बनवत नाही, बनलेली टिकवून धरतं. जपानमधल्या उताको आणि शोसुके ओकामोतो या नवरा-बायकोने १९६२ मध्ये शोधलं, आणि गंमत बघा, इंग्लंडमध्ये सर्जन जॉन चार्नलीने आजच्या पद्धतीचा प्लास्टिकच्या वाटीचा खुबा बसवला तो पण १९६२ च्या नोव्हेंबरात. दोन्ही एकाच वर्षी जन्मले आणि एकमेकांना भेटायला चाळीसेक वर्षं लागली. साधारण १ ग्रॅम शिरेतून चीर द्यायच्या आधी, कधी नंतर अजून एक डोस, काही सर्जन सांध्यात सोडतात, काही ठिकाणी दोन तास आधी गोळ्याच देतात. किंमत? रक्ताच्या बाटलीच्या प्रोसेसिंग चार्जपुढे काहीच नाही. "याने पायात गुठळी होईल" अशी भीती जुन्या लोकांना असते. २०१० मध्ये अपघातातल्या २० हजारांवर पेशंटचा मोठा अभ्यास आला, त्यात मृत्यू कमी झाले आणि गुठळ्या वाढल्या नाहीत. तरीही आधी फिट येत असेल, नुकताच लकवा किंवा पायात-फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल, किडनी कमजोर असेल तर सांगा, मग डोस बदलतात किंवा नाही देत.

दुसरा, "कमरेतून भूल देणार का?" पाठीत सुई देऊन भूल दिली तर बीपी थोडं खाली राहतं आणि रक्तस्राव कमी होतो. सगळ्यांना जमत नाही, भूलतज्ज्ञ ठरवतील.

तिसरा ऐकून लोक हसतात, "पेशंटला गरम ठेवणार का?" हसू नका. अंग थंड पडलं की प्लेटलेट आणि गोठवणारे घटक आळशी होतात. १९९६ सालीच हिपच्या पेशंटवर तपासलं गेलंय की शरीराचं आतलं तापमान दीड-एक डिग्रीने उतरलं तरी रक्त जास्त जातं. थिएटरचा एसी, उघडं अंग, थंड सलाइन, आणि ४८ किलोची बाई. गरम हवेचं ब्लँकेट असतं, सलाइन कोमट करता येतं. बाहेर ४४ डिग्री आणि आत कुडकुडणारी मावशी, असं चाललं नाही पाहिजे.

चौथा, "ड्रेनची नळी गरज असेल तरच ना?" जखमेत साचलेलं रक्त बाहेर काढणारी ही नळी पहिल्या वेळच्या साध्या हिपला बरेच सर्जन आता ठेवतच नाहीत. सेल सेव्हर म्हणजे गेलेलंच रक्त धुऊन परत देणारं मशीन, ते महाग, साध्या केसला लागत नाही, पण जुना खुबा काढून दुसऱ्यांदा बसवायचा असेल तर रक्त खूपच जास्त जातं, तेव्हा ते कुठे आहे हे आधी विचारून नाशिक-पुण्याचा विचार करायला हरकत नाही.

आणि हो, हे सगळं केलं तरी ग्रुपिंग आणि अँटिबॉडी स्क्रीन आधी झालेलं पाहिजे आणि रक्तपेढीला कळवलेलं पाहिजे. रक्त राखून ठेवणं वेगळं, चढवणं वेगळं.

सातपुड्याच्या बाजूच्यांसाठी वेगळं

धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपड्याची आदिवासी गावं. भिल्ल, पावरा घरांत सिकलसेल आहे, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आईबापाकडून येणारा आजार, आणि सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याला रक्त न पोचून तो सुकतो, म्हणून पंचविशी-तिशीतली पोरं हिप बदलायला येतात. वर लिहिलेलं यांना जसंच्या तसं लावू नका. फेरिटिन बघितल्याशिवाय लोह नाही, कारण आधी बऱ्याच बाटल्या लागलेल्या असतील तर लोह साठलेलं असतं. यांच्यात कित्येकदा ऑपरेशनच्या आधीच रक्त द्यावं लागतं, एचबी १० च्या आसपास आणायला, आणि ते साध्या ग्रुपच्या पुढे जाऊन मॅच केलेलं असलं तर चांगलं. पाणी कमी पडू द्यायचं नाही, थंडी वाजू द्यायची नाही. तरुण पोराचा खुबा सुकलाय आणि सिकलसेलची टेस्ट झालेलीच नाही, असं असेल तर आधी टेस्ट, मग तारीख. २०२३ पासून सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन चालू आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते.

ऑपरेशननंतर: सगळ्यात जास्त बाटल्या इथे फुकट जातात

मावशीचं एचबी दुसऱ्या दिवशी ९.४, तिसऱ्या दिवशी ८.९. जावई उठले, "एक बाटली चढवून टाका, ताकद येईल." हे वाक्य मी १९ वर्षं ऐकतोय. बाटली टॉनिक नाही हो.

२०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, हिप मोडून ऑपरेशन झालेले दोन हजारांवर पेशंट, पन्नाशीच्या पुढचे, हृदयविकार असलेले किंवा त्याचा धोका असलेले. अर्ध्यांना १० च्या खाली गेलं की रक्त, अर्ध्यांना ८ च्या खाली गेल्यावर किंवा त्रास झाल्यावरच. चालण्यात, जगण्या-मरण्यात फरक निघाला नाही. तेव्हापासून हाडांच्या ऑपरेशननंतर आणि हृदयविकार असलेल्यांना साधारण ८, बाकी स्थिर पेशंटला ७, अशी रेघ धरतात. पण नुसता आकडा नाही, माणूस बघायचा. छातीत दुखतंय, बसल्या जागी दम, नाडी धावतेय, लघवी कमी झालीय, तर ८.५ ला पण रक्त लागू शकतं आणि तेव्हा "आम्हाला नको" म्हणायचं नाही. उठल्यावर नुसती चक्कर आली तर आधी पाणी कमी पडलंय का, बीपीची गोळी सकाळी दिली का, हे बघायला सांगा.

द्यायचं ठरलं तर एक बाटली, मग परत तपासणी, मग दुसरीचा विचार. "दोन मागवल्यात तर दोन्ही लावून टाकू" याला विरोध करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, विचारा की पहिलीनंतर एचबी केलं का.

जावयांना मी हे समजावत होतो तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "माले दुसरानं रगत नको, माले भूक लागनी." दुपारी वॉकर धरून दाराशी जाऊन आली. बाटली लागली नाही.

रक्त रोज रोज काढू देऊ नका, गरज असेल तेवढंच. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यात लोहाच्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही, सूज असली की तेच हेपसिडिन दार बंद ठेवतं, कोठी रिकामी असेल तर सलाइनचाच विचार करतात. गुठळी होऊ नये म्हणून दिलेलं इंजेक्शन किंवा गोळी मात्र "रक्त पातळ होईल" म्हणून चुकवू नका, ते वेगळं काम आहे. ड्रेसिंग ओलं होत राहिलं, मांडी टणक होऊन फुगत चालली, की लगेच सिस्टरला बोलवा.

पडून खुबा मोडला तर हे सहा आठवडे कुठून आणायचे? नाही आणता येत. तिथे ऑपरेशन दिवसा-दोन दिवसांत उरकलेलं बरं, एचबी वाढवत बसायचं नाही. ट्रानेक्सॅमिक, गरम ठेवणं, आणि ८ ची रेघ, एवढं तरी तिथेही विचारता येतं.

घरी गेल्यावर चार आणि आठ आठवड्यांनी सीबीसी, फेरिटिन परत एकदा तीन महिन्यांनी, कारण एचबी वर आलं म्हणजे कोठी भरली असं नसतं. दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या तेवढेच दिवस. मावशीचं दोन महिन्यांनी १२.४ आलं. चहा अजून दिवसातून चार वेळाच आहे, फक्त आता लाल गोळी दुपारी चारला, लिंबूपाण्यासोबत, आणि घड्याळ बघायला नातीला बसवलेलं असतं.